चालत्या व्हा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीत एक जुनं कौटुंबिक नाटक बसवलं. त्यातला नवरा भलताच तापट. शेवटच्या अंकात बायको उलट बोलते, तो तिला घराबाहेर काढतो आणि ती रडत येऊन माफी मागते. नवरा मी झालो. बायकोचं काम गेलं आमच्या बँकेच्या मॅनेजरबाईंकडे. पर्वत पाटियाच्या शाखेत मी त्यांच्याच हाताखाली क्लार्क होतो.

माझं वाक्य होतं, "चालती हो माझ्या घरातून!" तालमीत तोंड उघडलं की निघायचं, "चालत्या व्हा!"

नाटक बसवणाऱ्या निवृत्त मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, बायको आहे ती तुमची!"

"पण मॅडम आहेत ना."

मॅडमच वैतागल्या. "इथे मी मॅडम नाही. जोरात ओरडा. माझी ऑर्डर समजा."

ऑर्डर म्हटल्यावर जमलं.

प्रयोगाला हॉल भरला होता. पुढच्या रांगांत लूमवर काम करणारी खानदेशी मंडळी, बायकापोरांसकट. शेवटच्या अंकात मॅडमनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, अगदी केबिनमधून पाहतात तसं. मी दाराकडे बोट केलं, छातीत श्वास भरला आणि म्हणालो, "चालती... व्हा!"

पुढून एक बाई ओरडली, "काबर घाबरस रे भाऊ?"

हशा थांबेना. मॅडमनी आता रडत जायचं होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "घर माझंही आहे. तुम्हीच जरा बाहेर फिरून या."

हे नाटकात नव्हतं. पण मॅडमनी सांगितलेलं, म्हणून मी "बरं" म्हणून निघालो. विंगेत मास्तर मला दोन्ही हातांनी परत ढकलत होते. बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की पडदाच पाडावा लागला. माफी राहूनच गेली.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली माझी बायको बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "मला अरेतुरे करताना मात्र तुमची जीभ कधी अडखळत नाही."

मी गिअर बदलला.

पुढच्या वर्षी तिने स्वतःच मंडळात नाव दिलं. तिला राणीचं काम मिळालं, मला भालदाराचं. मला वाक्य एकही नव्हतं, त्यामुळे मास्तर निर्धास्त होते.