जपानी तलवारवालीचा शेवट बघायला रायपूरला

नागपूरचे लोक सुट्टीत गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात, अगदीच काही जमलं नाही तर पचमढी गाठतात. मी रायपूरला गेले, तेही एका पिक्चरची शेवटची दहा मिनिटं बघायला. हसा खुशाल.

मला जपानी तलवारबाजीचे पिक्चर आवडतात, आणि त्यातही बाई लढत असेल ते जास्तच. पुण्यात शिकत असताना एका फिल्म क्लबात असाच एक जुना पिक्चर लागला होता. खानावळवाल्याची पोरगी, बापाचा खून झालेला, लाकडी पुलावर ती एकटी आणि समोर तलवारी उपसलेले गुंड. तिनं दोरीनं किमोनोच्या बाह्या पाठीशी बांधल्या, पाऊल पुढे टाकलं, आणि प्रोजेक्टरचा दिवा गेला. तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यात त्या पुलावर उभी आहे. कुणाला शेवट विचारलाही नाही, कारण मला तो ऐकायचा नव्हता, बघायचा होता.

मग दिवाळीच्या फोनवर रायपूरची मामी सहज म्हणाली, "आमच्या मंडळात एक जपानी बाई हाये वं. बाह्या बांधून पुलावर मारामारी करते." माझ्या हातातली चकली गळून पडली.

सुट्टीचं म्हणाल तर माझ्याकडे सुट्टीच सुट्टी होती. कंपनीनं नागपूरचं ऑफिस बंद केलं होतं आणि मी ते बाबांना सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून सकाळी उठून बाबाच माझा डबा करतात. तो घेऊन मी रोज निघायचे, अंबाझरी तलावाच्या काठावर बसून खायचे आणि संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून घरी यायचे. या वेळी "ऑफिसच्या कामानं रायपूर" म्हणाले. बाबांनी प्रवासासाठी दोन डबे दिले.

नागपूरहून सकाळची गाडी धरली की दुपारी जेवणाच्या वेळेला रायपूर येतं. गोंदियानंतर जंगल सुरू होतं, तिथे झोपू नका. डोंगरगडला डोंगरावरचं बम्लेश्वरीचं मंदिर खिडकीतून दिसतं आणि अख्खा डबा हात जोडतो. स्टेशनवरून मामीकडे, ब्राह्मणपाऱ्यात जायला ऑटोवाल्यानं असा काही आकडा सांगितला की मी तिथेच ओरडले.

"राजधानी है दीदी," तो शांतपणे म्हणाला. "अब रेट भी राजधानी का लगेगा."

नवं राज्य झाल्यापासून जो तो राजधानीच्याच नावानं पावती फाडत होता. चहावाल्याच्या पाटीवर राजधानी, न्हाव्याच्या पाटीवर राजधानी, पंक्चरवाल्यानं तर टायरवरच रंगवलं होतं. मी घासाघीस करून निम्म्यावर आणलं. तुम्हीही करा, लाजू नका.

घरात पाय ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामी, सीडी कुठे आहे?"

"देवघरात."

मला वाटलं, मस्करी करतेय. पण खरंच, अन्नपूर्णेच्या शेजारी एकाच पिक्चरच्या दोन सीड्या उभ्या होत्या, दोन्हींच्या कव्हरला हळदकुंकू लावलेलं. त्याचं असं झालं की मामा रेल्वेत होता तेव्हा त्यानं नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून एकीवर एक फुकट म्हणून त्या आणल्या. कव्हरवर बाई, हातात तलवार, मागे लाल गोळा. मामाला वाटलं, देवीचा पिक्चर. नवरात्रात मंडळाच्या बाया जमल्या, टीव्हीला हार घातला, आरती केली आणि सीडी लावली. पहिल्या पाच मिनिटांत देवीनं तीन माणसं कापली. पण आरती होऊन गेली होती, आता मागे कसं फिरायचं?

"तेव्हापासून दर मंगळवारी लावतो," मामी म्हणाली. "मधे काढाची नाही. सोवळं असते."

मंगळवारपर्यंत थांबणं आलं. मी सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली, पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून देवळं बघत हिंडले, संध्याकाळी बूढ़ा तालाबावर वारा खाल्ला. तांदळाच्या पिठाचा गरम चीला टमाट्याच्या चटणीशी नक्की खा, त्यासाठी मी परत जाईन. पण खरं सांगते, जीव सगळा देवघरात अडकला होता.

मंगळवारी दुपारी बाया जमल्या. भजनं झाली, शेंगदाण्याचे लाडू झाले आणि टीव्ही सुरू झाला. मामाला त्या दिवशी घरात मज्जाव. तो बाहेरच्या ओट्यावर बसून खिडकीतून विचारायचा, "मारलं का तिनं?"

"चूप बसा नं जी!" सगळ्या बाया एकदम.

पिक्चर जपानीत, आणि खालची इंग्रजी अक्षरं मामीनं टीव्हीच्या क्रोशाच्या झालरीखाली कायमची झाकलेली. गोष्ट मामीच सांगत होती. तलवारवालीचं नाव शेवंता. गुंडांचा म्होरक्या म्हणजे तिचा जेठ, थोरला दीर, त्यानं खानावळ बळकावली. पुलाचा सीन आला. तिनं बाह्या बांधायला दोरी काढली तशी कुणीतरी ओरडलं, "खोचला पदर!" आणि खोलीतल्या झाडून सगळ्या बायांनी आपापले पदर कमरेला खोचले. मी सलवार-कमीजमध्ये होते, ओढणी बांधली. किती वर्षांनी ती पाऊल पुढे टाकणार होती!

मामीनं रिमोट उचलला आणि पिक्चर बंद केला.

"मामी!" मी किंचाळलेच. "लाइट गेली का?"

"आमच्या राज्यात लाइट जात नाही," खिडकीतून मामा म्हणाला.

"शेवट मी सांगत असते," मामी म्हणाली. "लता, इकडे ये, समोर बस."

लता म्हणजे शेजारची सून, नवरा बीरगांवला कारखान्यात. दुसऱ्या दिवशी तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं आणि तिनं दुपारभर लाडवाला हात लावला नव्हता.

"त शेवंता पुलावर उभी हाये," मामी सुरू झाली, "आणि नेमकं तेव्हाच तिच्या पोटात दुखून राहिलं. डॉक्टरनं पुलावरच ऑपरेशन केलं. दोन खडे निघाले, हे एवढे! शेवंतानं ते उचलले न् हाणले जेठाच्या टाळक्यात. जेठ नदीत. तिले मंग राजधानीत सरकारी नोकरी लागली."

"क्वार्टर मिळालं का?" एका म्हातारीनं विचारलं.

"हव. दोन खोल्यांचं."

लता पोट धरून हसत होती. "मामी, आप भी ना! दुखता है," म्हणत तिनं लाडू उचलला. मी मात्र भडकले होते. बाया गेल्यावर म्हटलं, "अगं, मी एवढ्या लांबून आले! खरा शेवट काय आहे ते बघू तर दे!"

"काहून? मागच्या मंगळवारी शेवंताची बदली रद्द झाली, त्याच्या आधी तिच्या पोरीचं लग्न जमलं. ज्या बाईले जो पाहिजे तो शेवट. तुले अजून कोणता पाहिजे?"

बुधवारी संध्याकाळी लताला भेटायला दवाखान्यात गेलो. ऑपरेशन नीट झालं होतं. तिनं उशाची प्लास्टिकची डबी काढून खडखड वाजवली. "जेठ को बुलाओ," ती म्हणाली.

निघताना मामीनं देवघरातली दुसरी सीडी काढून माझ्या हातात दिली. "घे. लई जीव जाऊन राहिला ना तुझा? मंडळाले एक पुरते." मी तिच्या पाया पडले. अख्खा प्रवास ती सीडी मांडीवर घेऊन बसले, आणि या वेळी डोंगरगडला अख्ख्या डब्याच्या आधी माझे हात जोडले गेले.

घरी पोचल्या पोचल्या प्लेअर लावला. पूल आला. बाह्या बांधल्या. पाऊल उचललं, आणि चित्र थिजलं. पुढे नाही, मागे नाही. सीडी काढून उजेडात धरली. बाहेरच्या काठाला, जिथे पिक्चर संपतो तेवढाच गोल पट्टा, कुणीतरी भांड्याच्या घासणीनं नीट घासून काढला होता.

फोन लावला. "मामी, हे काय आहे?"

"मीच घासल्या, दोन्ही. पयल्या नवरात्रात बाया गेल्यावर एकटीनं शेवट पाह्यला. तलवार मोडते वं तिची. मरते ते बर्फात, कोणी येत नाही. असं काय दाखवाचं बायांले?"

राग आला होता आणि रडूही येत होतं.

"तुले कोणता शेवट पाहिजे, सांग ना," मामी म्हणाली. "पण पयले तुझं काय बिनसलं ते सांग. चार दिवस पाहून राहिली मी, तुझे बाबा फोनवर म्हणे ऑफिसच्या कामाले आली, न् तू ऑफिसात गेलीच नाही."

मग मी सांगितलं. ऑफिस, अंबाझरी, बाबांचा डबा, सगळं.

"बरं, आयक. शेवंता पुलावर उभी हाये. तलवार मोडली. आता तिनं करावं काय? तेवढ्यात मागून तिचा बाप आला."

"मामी, बाप पहिल्याच सीनमध्ये मेलाय."

"माझ्या पिक्चरमधे नाही मरत. बाप आला डबा घेऊन. म्हणे, तलवार मोडली त मोडली, जेवली का तू?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. बाबा उद्यासाठी मटकी निवडत बसले होते. मी ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्या समोर बसले.

"बाबा," मी म्हटलं, "उद्या डबा नको."