अजून नाही

“नाही कसं म्हनता बेटा? अजून नाही म्हना.”

हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज कानावर पडायचं. बोलणारे काकाजी रेल्वे फाटकावर गेटमन होते. सारी नोकरी फाटक लावण्यात आणि उघडण्यात गेली. निवृत्तीनंतर ते रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, पंचविशीच्या मुलामुलींमध्ये, गळ्याशी बटण लावलेला पांढरा शर्ट घालून बसायचे.

अपघात झाला की लोक आधी फोन करत नाहीत, आधी पोस्ट टाकतात. हे तुम्हीही पाहिलं असेल. रायपुरातल्या अशा पोस्टींमधून अपघात आपोआप ओळखणारं मशीन आम्ही तयार करत होतो. पण मशीनला आधी शिकवावं लागतं. माणसांनी हजारो पोस्टी वाचून प्रत्येकीपुढे ‘अपघात’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची, आणि त्यावरून मशीनने शिकायचं. काकाजींना मराठी, हिंदी, छत्तीसगढी तिन्ही भाषा चांगल्या येत. बूढापारा मोहल्ल्यात ते आमचे शेजारी, बाबांचे मित्र. या कामाला याल का, असं मीच त्यांना विचारलं होतं.

पहिले काही दिवस मजेत गेले. कुणीतरी लिहिलेलं असायचं, ‘आज मेरे दिल का एक्सीडेंट हो गया.’ काकाजी चष्मा कपाळावर चढवून मला हाक मारायचे. “बेटा, याले कोनत्या दवाखान्यात न्यायचं?” सगळं ऑफिस हसायचं. मुलं त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते वऱ्हाडीत उत्तर द्यायचे, आणि कुणाचंच काही अडायचं नाही.

अडलं ते ‘बाल-बाल बचे’ला, म्हणजे थोडक्यात वाचलेल्यांना. ‘आज ट्रक एकदम सामने आ गया, बाल-बाल बचे.’ अशी पोस्ट आली की काकाजी दोन्हीपैकी एकही खूण करायचे नाहीत. शेऱ्याच्या जागी लिहायचे, ‘अजून नाही’.

“काकाजी, मशीनला दोनच उत्तरं कळतात,” मी म्हणायची.

“फाटकाखालून सायकल काढनारा मानूस पाहिला का तू? तो पहिल्या दिवशी मरत नाही. रोज काढते, रोज वाचते. वाचते म्हनूनच काढते. त्याले तू नाही लिवशील?”

मी लिहीत होते. संध्याकाळी त्यांचे सगळे ‘अजून नाही’ मी एकेक करून ‘नाही’ करायची. काम पुढे जायला हवं होतं.

शहराबाहेर कालव्याजवळ, लांबचा वळसा वाचवायला लोकांनी दुभाजक तोडून वाट केली होती. काकाजींचे निम्मेअधिक शेरे त्याच जागेचे होते. मशीन शिकून तयार झालं, त्याने शहराचा नकाशा रंगवला, आणि त्यात ती जागा हिरवीगार आली. मशीनच्या लेखी तिथे काहीच घडत नव्हतं. ज्यांच्यासाठी आम्ही काम करत होतो त्या वाहतूक पोलिसांना नकाशा फार आवडला. कालव्याजवळच्या त्या वाटेपाशी सकाळी त्यांची एक गस्तीची गाडी उभी असायची. नकाशा पाहून त्यांनी ती दुसरीकडे हलवली.

काकाजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “हे जागा हिरवी काहून?”

मी समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे मी लिवलेलं त्याच्यापर्यंत गेलंच नाही.”

त्यानंतर ते ऑफिसात उशिरा येऊ लागले. अकरा, साडेअकरा. बुटांवर धूळ, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एके सकाळी मी कामासाठी त्या बाजूला गेले, तर तुटलेल्या दुभाजकापाशी काकाजी उभे. हातात नोकरीतला लाल झेंडा. ट्रक दिसला की स्कूटरवाल्यांना आडवे व्हायचे, रस्ता मोकळा झाला की सोडायचे. काही लोक हसत होते, एकाने शिवी दिली. पण थांबत सगळेच होते.

मी तिथे काही बोलले नाही. ऑफिसात बोलले. सगळ्यांसमोर. “काकाजी, हे आपलं काम नाही. उद्यापासून दहाला तुम्ही खुर्चीवर पाहिजेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हव,” म्हणत मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून ते दहाला पाच मिनिटं असतानाच येऊन बसायचे. हसणं बंद झालं. पोस्टी वाचायचे, खुणा करायचे. आता फक्त दोनच खुणा. मला वाटलं, बरं झालं.

आठवडा उलटला असेल. सकाळी दहा वीसला भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल ठिपका उमटला. मशीनने खरोखरीचा अपघात पकडण्याची ती पहिलीच वेळ. पोस्ट चार मिनिटांपूर्वीची होती. एका मुलाने लगेच अँब्युलन्सला फोन लावला, तर तिथे अजून कुणाचाच फोन गेलेला नव्हता. मुलं उठून टाळ्या वाजवू लागली. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या.

“कोनती जागा?” मागून काकाजींनी विचारलं.

मी नकाशा मोठा केला, आणि माझे हात खाली आले. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवी उचलली, खाली गेले आणि सायकल काढली. त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत.

चार दिवसांनी मी कालव्याजवळ गेले. ते झेंडा घेऊन उभे होते. आता दिवसभर उभे राहत. त्यांनीच सांगितलं. “पोट्टी वाचली. शाळेत चालली होती मायच्या मागं बसून. मायचा पाय कापावा लागला.”

थोडा वेळ गाड्या सोडून ते परत माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. “मशीननं कधी सांगतलं होतं?”

“चार मिनिटांत, काकाजी.”

“आन मी?”

उत्तराची वाट न पाहता ते झेंडा घेऊन रस्त्यात गेले. समोरून ट्रक येत होता.

पुढे पेपरात बातमी आली, आणि ती वाट सिमेंटचे ठोकळे टाकून बंद झाली. काकाजी घरी बसले. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला, बाबांच्या गोष्टी काढल्या, ऑफिसचं नाव घेतलं नाही. पावसाळा संपता संपता ते गेले. झोपेतच.

आमचं मशीन आता आणखी दोन शहरांत चालतं. बऱ्याच दिवसांनंतर मी त्या रस्त्याने निघाले होते. कालव्याजवळ गाडी दुभाजकाला लागून थांबवली. एक ठोकळा कुणीतरी बाजूला सरकवलेला होता. स्कूटर जाईल एवढीच फट, आणि तिच्यातून चाकांनी गुळगुळीत झालेली माती.

मी पाहत उभी होते, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. स्कूटरवर एक बाई, पुढे भाजीची पिशवी, मागे घट्ट धरून बसलेली म्हातारी.

“दीदी, गाडी ज़रा हटाइए ना, निकलना है.”

तिला काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं. तिने पुन्हा हॉर्न दिला.

मी गाडी मागे घेतली.