कावळे हाकलता येतात का?

किस्से मी जमवत नाही, ते आपोआप साचतात. नागावात घरामागे नारळाची सोडणं साचतात ना, तसे. एक उचललं की खाली आणखी चार. त्यात माझा धंदा भाड्याची घरं दाखवण्याचा, म्हणजे ढीग वाढतच जाणार!

आधी परिस्थिती सांगतो. आमच्याकडे ज्याच्या दोन खोल्या रिकाम्या, तो त्यांचा होमस्टे करतो. शनिवारी मुंबईचे पाहुणे, सोमवारी चादरी दोरीवर. महिन्याच्या भाड्याने घर द्यायचं म्हटलं की मालक असे प्रश्न विचारतो, की मुलगी देतानाही कोणी विचारत नसेल. म्हणून मी भाडेकरूला आधी तयार करतो. आमच्या ओटीवर खुर्ची मांडायची आणि तिच्यावर माझी बायको रंजना मालकीण होऊन बसणार. तिच्यापुढे जो टिकला, तो मांडव्यापासून आगरदांड्यापर्यंत कुठेही पास. छाती पुढे काढून सांगतो, माझा भाडेकरू कधी नापास झालेला नाही.

बायाकाकूचं घर सोडून.

ते घर मी सोडूनच दिलं होतं. पण यंदा पावसाळा संपता संपता नीलम सिस्टर माझ्याकडे आली. सरकारी दवाखान्यात नर्स, मूळची लातूरकडची, सोबत वडील. वडिलांचं एक अंग लुळं, वाचाही गेलेली. तिच्या मालकाला दिवाळीपासून खोलीचा होमस्टे करायचा होता. तिला घर हवं होतं तळमजल्यावर, दवाखान्याजवळ. नाही मिळालं तर वडिलांना गावी पाठवायचं, आणि गावी त्यांच्याकडे बघणारं कोणी नाही.

"भाऊ, बाबांना परत नाही पाठवायचं मला," एवढंच ती म्हणाली.

तसं घर गावात एकच. बायाकाकूचं! सिस्टरचं काय झालं ते सांगतोच, पण आधी आमची शाळा काय दर्जाची आहे ते कळू दे.

*

एक शिक्षक आले नागपूरकडचे, शुद्ध शाकाहारी. मालकिणीच्या घरात रोज मासे तळणार. वासाबद्दल विचारलं तर 'चालेल' म्हणा, असं मी शिकवलं. खुर्चीतून रंजना म्हणाली, "चालेल म्हणू नका. तिला वाटेल नाक मुरडताय."

मास्तर हुशार. खऱ्या मालकिणीपुढे म्हणाले, "वास फार छान येतो हो."

घर मिळालं. वर रोज संध्याकाळी तळलेल्या बांगड्यांची ताटली सुरू! नाही म्हणायची मास्तरांची हिंमत नाही. आमचा रिक्षावाला सलीम रोज मागच्या खिडकीशी येऊन ताटली रिकामी करतो. मालकीण गावभर सांगते, असा खाणारा भाडेकरू बघितला नाही. मास्तर आहेत तसेच आहेत. सलीमची रिक्षा मात्र एका बाजूला कलायला लागली आहे.

*

नवा मालक जुन्या मालकाला फोन करून भाडेकरूची चौकशी करतो, हे मला ठाऊक. म्हणून एकाच्या जुन्या मालकाला मी पढवून ठेवलं, भरपूर कौतुक करा. त्याने इतकं केलं, की नवा मालक मला म्हणाला, "एवढा देवमाणूस आहे तर तो सोडतोय कशाला?"

तेव्हापासून मी नियम केला, एखादा बारीक दोष सांगायचाच. पुढच्या वेळी जुन्या मालकाने सांगितलं, माणूस सोन्यासारखा, फक्त घोरतो. नव्या मालकाने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "द्या त्यांना घर. निदान तुम्हाला कळेल तरी, मी काय ऐकते ते."

*

जेट्टीवर कामाला लागलेली दोन पोरं होती, बिनलग्नाची. बॅचलर म्हटलं की आमच्याकडे दार अर्धंच उघडतं. मी त्यांना सांगितलं, जाताना हातात झाडू ठेवा आणि गेल्या गेल्या ओटी झाडायला घ्या. मालक नाना एवढे खूश झाले की उभ्या उभ्या चावी दिली.

संध्याकाळी नानींनी तोच झाडू नानांच्या हातात दिला. "बाप्यांना जमतं, आज डोळ्यांनी बघितलं."

नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत.

*

आता बायाकाकू. एकटी बाई, घर लखलखीत, शेजारची खोली कितीतरी दिवस बंद. ती प्रश्नच विचारत नाही. आलेल्याला ओटीवर बसवते, चहा देते आणि आत निघून जाते. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणते, "न्हाय जमायचं."

कोडं सलीमने सोडवलं. काकूच्या अंगणात बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत घातलेला असतो. काकू आत जाऊन खिडकीतून बघते, कावळा आला तर हा माणूस उठतो का!

झालं, मी एका बँकवाल्याला तयार केलं. तो चहा टाकून छत्री घेऊन असा धावला, की कावळे संपले तरी हा थांबेना. एक कावळा तर कायमचा रेवदंड्याला राहायला गेला म्हणतात. काकू बाहेर आली आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "याला कुनीतरी शिकवून धाडलाय."

*

म्हणून सिस्टरची तयारी बारकाईने केली. धावायचं नाही, ओरडायचं नाही. बोलता बोलता, लक्ष नसल्यासारखा हात हलवायचा. मी स्वतः कावळा झालो, अंगणभर उड्या मारल्या. रंजना म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी शोभलं तुम्हाला." सिस्टर हसली. हात मात्र झकास हलवला.

पुढे जे झालं ते तूच शिकवलंस ना, असं लोक मला विचारतात. मी नाही म्हणत नाही.

सिस्टर रात्रपाळी करून तशीच आली. सलीमने वडिलांना रिक्षातून आणून ओटीवर बसवलं. काकूने चहा दिला आणि आत गेली. सलीम आणि मी कुंपणापलीकडे, पोफळींच्या आड. सिस्टरने एक घोट घेतला, खांबाला पाठ टेकली आणि कप हातात तसाच ठेवून झोपली.

पहिला कावळा उतरला. मग दुसरा. मग सगळं गावच आलं जेवायला!

मला राहवेना. हाकलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वडिलांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी चांगला हात वर केला. वाटलं, कावळ्यांवर उगारतात. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्याकडे रोखून बघत राहिले.

मी तोंड मिटलं. जवळा निम्मा झाला.

काकू बाहेर आली. अनवाणी, पाय न वाजवता. कावळ्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सिस्टरच्या हातातला कप अलगद काढून घेतला, खाली ठेवला आणि वडिलांच्या शेजारी बसली. दोघं कावळ्यांचं जेवण बघत राहिले.

मग तिने मला बोटाने जवळ बोलावलं. मी चपला हातात घेऊन गेलो.

"चावी दारामागं खिळ्याला हाय," ती कानाशी म्हणाली. "कडी वाजते. सांभाळून काढ."