आमचा क्वार्टरबॅक आणि बाबांचं तिकीट

ज्या मार्चमध्ये माझ्या टीमने आमच्या क्वार्टरबॅकला नारळ दिला, त्या महिन्यात मी ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या लॅबमध्ये कुणाला त्याचं कारणही कळलं नाही, कारण क्वार्टरबॅक म्हणजे काय हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं. निम्मे लोक इंग्लंडच्या फुटबॉलवर जीव टाकणारे, उरलेले क्रिकेटवाले. मी एकटी अमेरिकन फुटबॉलवाली. एम.एस.ला अमेरिकेत असताना, बाहेर बर्फ आणि खोलीत तीन रूममेट, अशा थंडीत हे वेड लागलं आणि इथे नोकरी घेतली तेव्हा माझ्याबरोबर विमानात बसून आलं.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीला चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो तो माणूस. समोरून धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावत असतात आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं. आमच्या क्वार्टरबॅकने ते वर्षानुवर्षं ठरवलं. माझ्या विद्यापीठापासून तासाभरावरच्या शहराची ती टीम. तिला त्याने उभं केलं, जिंकायला शिकवलं. आणि मालकांनी काय केलं? एक ताज्या दमाचा पोरगा आणून बसवला आणि याला सांगितलं, या आता.

पोराचा हात चांगला आहे, मला मान्य आहे. लांब फेकतो. पण नुसता हात म्हणजे क्वार्टरबॅक नव्हे, डोकं लागतं, आणि डोकं मार खाऊन खाऊन तयार होतं. म्हणे जुन्याचा गुडघा दुखतो. अहो, इतकी वर्षं तुमच्यासाठी आपटून घेतलंय त्याने, दुखणार नाही तर काय? वर पत्रक काढलं, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं असेल त्याला मला एकदा भेटायचं आहे.

हे सगळं मी जुरोंग ईस्टला एका ओळखीच्यांच्या काँडोतल्या फ्लॅटवर, आपल्या मराठी मंडळींसमोर, एकदा बोलून दाखवलं. चुकलंच माझं. एक बँकवाले गृहस्थ पोह्यांची बशी हातात धरून मला म्हणाले, वहिनी, हेल्मेट घालून कसला आलाय खेळ, ही तर कुस्तीच. माझा नवरा, जो स्वभावाने अतिशय चांगला आहे आणि अकाउंटंट आहे, त्याने आपला ठेवणीतला विनोद काढला, की हाताने खेळतात आणि फुटबॉल म्हणतात. हा विनोद तो लग्नापासून करतो आहे. सगळे हसले. मग परत क्रिकेट सुरू झालं, कुणाला ओपनिंगला पाठवायला हवं होतं यावर, आणि त्यावर मात्र तासभर गंभीर चर्चा झाली. मी हात टेकले.

माझं ऐकून घेणारा माणूस सबंध सिंगापुरात एकच होता, ते म्हणजे बाबा.

आई गेल्यावर बाबा अकोल्याला एकटे पडले होते. वीज मंडळातून रिटायर झालेले, प्रकृतीने ठणठणीत, पण एकटे. भावाने आणि मी फोनवर ठरवलं, की सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत त्यांनी माझ्याकडे वुडलँड्सला राहायचं आणि मग कायमचं पुण्याला, भावाकडे. मुंबईचं परतीचं तिकीटही येतानाच काढलं होतं. बाबा बरं म्हणाले. आमच्या घरात बाबा नेहमीच बरं म्हणतात.

तर सामने. अमेरिकेतली रविवारची रात्र म्हणजे आमची सोमवारची सकाळ. म्हणजे सामना सुरू होतो तेव्हा मी ऑफिसला जायला एम.आर.टी.त, इथल्या मेट्रोत, उभी. म्हणून मी रेकॉर्डिंग लावून जायचे आणि संध्याकाळी बघायचे. बाबा आल्यानंतर पहिल्याच सोमवारी रेकॉर्डिंग अर्ध्यावर बंद पडलं आणि मी घरी येऊन इतका थयथयाट केला, की पुढच्या सोमवारपासून बाबा स्वतःच टी.व्ही.समोर राखणीला बसायला लागले. मशीन चालू आहे ना, एवढंच बघायला. पण माणूस सामना चालू असताना नुसतं मशीन किती वेळ बघणार? महिनाभरात त्यांना सगळं कळायला लागलं. प्रत्येक चालीआधी खेळाडू घोळका करून कुजबुजतात, ते बघून म्हणाले, ‘आमच्या मंडळातसुद्धा एवढ्या मीटिंगा नव्हत्या.’ चेंडू उगाच लांब फेकणाऱ्यांवर त्यांचा राग. चार पावलं मिळतायत ती घ्या, म्हणायचे. आमचा क्वार्टरबॅक तसाच होता, मिळतंय तेवढं घेणारा. बाबांना तो फार आवडला.

निकाल मला सांगायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तोंडाने त्यांनी कधी सांगितला नाही. पण टीम हरली की मला बरं वाटावं म्हणून ते संध्याकाळी वांग्याचं भरीत करायचे. आई गेल्यावर स्वयंपाक शिकले होते. लिफ्टमधून बाहेर पडलं, की कॉरिडॉरमध्ये भाजल्या वांग्याचा वास, आणि माझ्या सामन्याचं वाटोळं. मी दारातूनच ओरडायचे. ते म्हणायचे, मी कुठे काही बोललो? मग आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन तो हरलेला सामना बघत बसायचो आणि ते सकाळी एकदा बघितलेल्या चुकीवर संध्याकाळी पुन्हा तितकेच चिडायचे. तेवढी एक संध्याकाळ मला आठवडाभर पुरायची.

मार्च उजाडला. आधी क्वार्टरबॅकची बातमी आली आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलची स्पर्धा. ही बाद पद्धतीने चालते, एक हार आणि घरी. तिच्यात दरवर्षी कुठलं तरी अडगळीतलं कॉलेज एखाद्या बलाढ्य विद्यापीठाला लोळवतं आणि सगळं जग टाळ्या पिटतं. उलटफेरांबद्दल माझं मत स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या टीमचा असेल तर मजा आहे. पण छोट्याने मोठ्याला हरवलं की त्यात आपोआप काहीतरी थोर असतं, हे मला पटत नाही. मोठ्यांची पोरंही पहाटे उठून सराव करतातच की. चाळीस मिनिटांत एकाचे चेंडू जाळीत पडले आणि दुसऱ्याचे पडले नाहीत, एवढंच असतं ते. त्यावर प्रवचनं कशाला?

शनिवारी सकाळी माझ्या विद्यापीठाचा सामना अशाच एका कॉलेजाशी होता. या वेळी लाइव्ह, सुट्टीच्या दिवशी. नवरा बाजारात गेला होता. मी, बाबा आणि माझी मुलगी टी.व्ही.समोर. आणि बाबा खुशाल समोरच्या कॉलेजाच्या बाजूने. मी म्हटलं, बाबा, आपली टीम ही. ते म्हणाले, तुझी. मी पत्र्याच्या दोन खोल्यांच्या कॉलेजात शिकलो, मी याच लोकांचा. त्यांच्याशी काय भांडणार? चेंडू त्या छोट्यांचा पडला की ते मांडीवर हळूच थाप मारायचे, आणि प्रत्येक थापेला माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमच्या मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे समोर कुणी अडवायला नाही, निवांत उभं राहून टाकायचे. पठ्ठ्याने दोन्ही बाहेर टाकले. आमचे प्रशिक्षक हाताची घडी घालून उभे. अरे, खेळ थांबवा, पोरांना जवळ घ्या, दोन शब्द सांगा. नाही. त्या छोट्या कॉलेजाच्या एका बारक्या गड्याने चेंडू घेतला, पळत आला, कोपऱ्यातून फेकला आणि तो पडला. संपलं. मुलगी इथल्या पोरांसारखा शेवटी ‘लाह’ लावून शांतपणे म्हणाली, ‘ममा, इट्स ओन्ली अ गेम लाह,’ आणि खेळायला खाली गेली.

मी चॅनल बदललं तर तिथे आमचा क्वार्टरबॅक. नवीन टीमने त्याला घेतलं होतं, नवीन टोपी घालून तो पत्रकारांसमोर बसला होता, आणि जुन्या शहराबद्दल विचारल्यावर त्याला बोलवेना. चष्मा काढून डोळे पुसत होता. माझा सकाळपासूनचा सगळा राग त्याच्यावर निघाला. मी बाबांना म्हटलं, आता रडून काय उपयोग? राहायचं होतं तर तोंड उघडून सांगायचं होतं. गावभर पुतळे उभारायला निघाले असते लोक. मला इथंच राहायचंय, एवढं एक वाक्य म्हणायला काय होत होतं या माणसाला?

बाबा मेथी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘समोरून कुणी राहा म्हटल्याशिवाय कसं म्हणायचं, मला ठेवून घ्या? बरं दिसतं का ते?’

मी टी.व्ही. बंद केला. त्या आठवड्यात त्यांनी बॅग काढून कपडे लावायला घेतले होते. मी विचारलं, ‘बाबा, तुम्हाला पुण्याला जायचं नाहीये का?’

पुणंही चांगलंच आहे, म्हणाले. मी म्हटलं, मी ते विचारलं नाही. त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली. आणि मग, ‘लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गं.’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हे कोण बोलत होतं? आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत, उपास नाहीत, मुहूर्त नाहीत. माझं लग्न बाबांनी मुद्दाम भर पौषात लावलं, वंदना म्हणून, हार घालून, तासाभरात. हुंडा नाही, मानपान नाही, कन्यादान नाही. मुलगी म्हणजे काय दान द्यायची वस्तू आहे का, असं भर मांडवात म्हणालेला हा माणूस. सगळं जुनं झाडून बाहेर टाकलं आणि एवढं एक कुठल्या कोपऱ्यात ठेवून दिलं होतं? मी हे सगळं त्यांना मोठ्याने ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, मी म्हणते ना, राहा. इथं राहायचा पास वाढवून मिळेल, दादाला मी सांगते. ते म्हणाले, ‘तुझं ठीक आहे. पण घर काय एकट्या तुझं आहे का?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबा इतके महिने जावयाच्या एका शब्दासाठी थांबले आहेत.

नवरा पिशव्या घेऊन आला. त्याला मी स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो चकितच झाला. म्हणाला, मी कधी नको म्हटलं? राहू देत की, मलाही आवडेल. मी म्हटलं, मला नाही, त्यांना सांग. तो म्हणाला, असं तोंडावर काय सांगायचं, ते काय पाहुणे आहेत का राहा म्हणायला? फार औपचारिक वाटतं. आणि आपल्याकडे हे खरंच आहे. राहा हा शब्द आपण पाहुण्याने पायात चपला घातल्यावरच काढतो. घरच्या माणसाला तो म्हणायचा नसतो, त्याने समजून घ्यायचं असतं. पण बाबांनी समजून घ्यायचं ठरवलं नव्हतं, ऐकायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. तोही म्हणाला, त्यांना हवं तिथं राहू दे, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे सगळे तयार. अडलं होतं ते एका वाक्यापाशी. ते मी दहादा म्हणून उपयोग नव्हता आणि ज्याने म्हणायचं तो म्हणत नव्हता. मला म्हणायचा, म्हणतो गं, वेळ बघून म्हणतो. जेवायला बसलं, की मी टेबलाखालून त्याला पाय मारायचे आणि तो बाबांना माशांचे भाव सांगायचा, हवेबद्दल बोलायचा, मुलीच्या शाळेबद्दल बोलायचा. बाबा प्रत्येक वेळी घास थांबवून त्याच्याकडे बघायचे. शेवटच्या दिवशी मीच बोलून टाकलं, की बाबा, हाही म्हणतोय राहा म्हणून. बाबा नुसते हसले, हो का म्हणाले, आणि बॅगेचं कुलूप शोधायला लागले.

चांगीला आम्ही सगळे गेलो. मुलगी त्यांच्या ट्रॉलीवर बसली होती. बॅग दिली, पासपोर्ट दाखवला, आत जायच्या दारापाशी आलो. नवऱ्याने वाकून नमस्कार केला आणि उभं राहता राहता म्हणाला, ‘बाबा, राहिला असतात अजून थोडे दिवस.’

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, ‘आधी म्हणाला असतात तर राहिलो असतो.’

नवरा हसला. निघताना माणसं एकमेकांना म्हणतात तसंच ते म्हणाले, असं त्याला वाटलं. बाबाही हसले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. मागे वळले नाहीत.

टॅक्सीत बसल्यावर नवरा मला म्हणाला, ‘म्हटलं बघ मी त्यांना.’