पोच न मागितलेली तार

तारेवर गप्पा मारायला बंदी होती. तरी आम्ही मारायचो. सत्तरच्या दशकातलं लहान गाव, एका खोलीचं तार ऑफिस, दिवसाकाठी चार नाहीतर पाच तारा. उरलेला वेळ माणसानं काय भिंतीशी बोलायचं?

टेबलावर पितळेची कळ होती. ती दाबली की लांब-आखूड ठोके तारेतून जायचे आणि दुसऱ्या टोकाचा माणूस ते नुसते कानानं ऐकून कागदावर उतरवून घ्यायचा. गावातले लोक त्याला कडकट्ट म्हणत. अक्षरं इंग्रजी, पण गप्पा आमच्या वऱ्हाडीत. ‘जेवला का’ विचारायला इंग्रजीतली सात अक्षरं लागायची, आणि उत्तर तिथल्या तिथे.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधल्या ठाण्यावर, माझ्यासारखाच एक तारबाबू बसायचा. माझी तार त्याच्या टेबलाशी संपायची. तिथून पुढे अकोल्याला, मंगरूळला, कुठंही काही पाठवायचं तर ते तो माझ्याकडून उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या तारेवर पुढे धाडायचा. अडीच वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पण त्याचा हात मला पाठ होता. कळ दाबायची प्रत्येकाची आपली लकब असते, तिला आम्ही हातच म्हणायचो. हा शब्दाचा शेवटचा ठोका ओढून सोडायचा, चप्पल घासत चालणाऱ्या माणसासारखा.

माझ्या घरातली कोणती गोष्ट त्याला माहीत नव्हती? बायकोला दिवस गेल्याचं मी आईच्या आधी त्याला सांगितलं होतं. बायकोनं एकदा एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती त्याला तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला, तर अर्धा तास तो त्या लाडवांवरच बोलत राहिला. "वहिनीले सांग, असे लाडू माह्या घरीबी होत नाही." मी रविवारी ते तिला सांगितलं आणि ती लाजली. या माणसाला मी मित्र म्हणत होतो. म्हणत होतो कसला, होताच तो माझा मित्र. म्हणून तर अजून राग जात नाही.

माझं ऑफिस धनजच्या बाजूला आणि बायको आसेगावला मास्तरीण. शनिवारी दोन गाड्या बदलून मी तिच्याकडे जायचो आणि रविवारी परत. तिला बघायला गेलो होतो तेव्हाच तिनं बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नोकरी सोडनार नाही मी. मंजूर असन तं चहा घ्या." तिचे वडील कानकोंडे झाले. मी चहा घेतला.

आता मूल होणार होतं आणि तिला आई नव्हती. माझी आई नातवंड सांभाळायला एका पायावर तयार, पण लेकाच्या घरात. सुनेच्या नोकरीच्या गावी जाऊन राहणं तिच्या मानात बसत नव्हतं, आणि त्या काळी तिला समजावणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. म्हणजे मला मंगरूळची बदली मिळाली तर सगळं जमत होतं. मंगरूळला बिऱ्हाड, आई तिथे, आणि बायको सकाळच्या एस.टी.नं आसेगावच्या शाळेत. बदली नाही मिळाली तर तिनं राजीनामा द्यायचा. तिसरी वाट नव्हती.

तेवढ्यात मंगरूळचा तारबाबू निवृत्त होणार असल्याचं कळलं. अकोल्याच्या मोठ्या ऑफिसातून हुकूम आला की ज्याला ती जागा हवी त्यानं शनिवारी पाचच्या आत तारेनं कळवावं, आणि ज्याची नोकरी जास्त झाली त्याला ती मिळेल. आमच्या पट्ट्यात जाण्यासारखे आम्ही दोघंच होतो आणि मी त्याला आठ महिन्यांनी सीनियर होतो. मी त्याला सरळ विचारलं, तुला हवी आहे का?

"मले कायले पायजे मंगरूळ? मी इथंच बरा. टाक तू, राजा."

मजकूरही त्यानंच नीट करून दिला. बायको नोकरीत आहे हे लिहायचं राहिलं होतं, ते त्यानं घालायला लावलं.

शनिवारी तीनच्या सुमारास मी तार पाठवली. नियम असा होता की समोरच्यानं तार घेतली की पोच म्हणून नंबर, वेळ आणि आपली आद्याक्षरं परत वाजवायची. ती आपण फॉर्मवर लिहायची. मग ती तार त्याच्या गळ्यात, आपण मोकळे. त्यानं नुसतं ‘मिळाली’ एवढं वाजवलं आणि लगेच विचारलं, "पेढे कवा?" आम्हा दोघांत हे नेहमीचंच होतं. मित्राकडून पोच मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या माणसाकडून सही घेण्यासारखं वाटायचं. नंबर क्रमानं माहीत असायचा. तो मी लिहिला, तीन वीस अशी वेळ टाकली आणि त्याची आद्याक्षरंही मीच माझ्या हातानं लिहिली. शेकडो फॉर्म मी असेच भरले होते.

पुढे तीन आठवडे उत्तर नाही. तो रोज धीर देत होता. "सरकारी काम हाय, टाइम लागते." मग दोन दिवस मधल्या ठाण्यावरून कुणीतरी अडखळत, नवशिक्यासारखं वाजवू लागलं. मी विचारलं तर म्हणे जुने बाबू रजेवर आहेत. सोमवारी सकाळी त्या नवशिक्यानं कळवलं, मंगरूळला तुमच्याशी बोलायचं आहे, तार जोडून देतो.

मंगरूळहून पहिला शब्द आला आणि त्याचा शेवटचा ठोका ओढला गेला. त्यानं आपलं नाव सांगायच्या आधी मला कळलं.

मी वाजवलं, माझी तार कुठे आहे?

उत्तर आलं, "त्या दिवशी लाइन खराब होती." आणि पाठोपाठ, "तुमी दोघं कमावता, भाऊ. माही बदली झाली तं कोनाचं काय बिघडलं?"

लाइन खराब होती म्हणे! त्याच लाइनवरून त्याचा स्वतःचा अर्ज मात्र सुखरूप अकोल्याला पोचला होता. मी कळीवरचा हात काढला. तो बोलत राहिला, मी उतरवून घेतलं नाही.

तक्रार करायची म्हणून मी फॉर्म काढून आमच्या पोस्टमास्तरांपुढे ठेवला. म्हातारा माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"ही आद्याक्षरं त्याची. पन अक्षर कोनाचं हाय?"

"माझं."

"पोच तुले भेटलीच नाही, अन् तूच त्याच्या नावानं लिवून ठेवली?" त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "गप बस. तक्रार केली तं पयले तुहीच नोकरी जाईन."

खरं होतं ते. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं, कारण मी फॉर्म कसे भरतो हे मीच त्याला हसत हसत सांगितलं होतं. चोराच्या हाती मी आपणहून किल्ली दिली होती.

त्या शनिवारी आसेगावला गेलो. बायको चौथीच्या वह्या तपासत होती. मी म्हणालो, मंगरूळची जागा दुसऱ्याला मिळाली. तिनं लाल पेन्सिल खाली ठेवली.

"अर्ज येळेवर गेल्ता ना तुमचा?"

"गेला होता," मी म्हणालो.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, माझ्या हातची ती आद्याक्षरंसुद्धा. मित्रानं फसवलं हे सांगता आलं असतं. तुझी नोकरी मी आळसापायी आणि भिडेपायी घालवली, हे सांगायला तोंड उघडेना. ती रडली नाही. उरलेल्या वह्या तपासून संपवल्या आणि मग राजीनामा लिहिला. तिच्या फळ्यावरच्या अक्षरासारखं गोल, सुबक अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

नंतर ती रजा घेऊन माझ्याकडे आली. राजीनामा मंजूर झाला की परत जाऊन वर्गाचा चार्ज द्यावा लागणार, हे तिला तातडीनं कळायला हवं होतं. शाळांचा कारभार मंगरूळच्या कचेरीतून चालायचा, तेव्हा तिनं तिथे तारेनं कळवा असं लिहून ठेवलं होतं. बुधवारी दुपारी मधल्या ठाण्यावरच्या नवशिक्यानं मंगरूळची लाइन थेट जोडून दिली आणि ती तार आली. मंगरूळहून कोण वाजवतंय ते सांगायला नकोच. राजीनामा मंजूर, महिनाअखेर कार्यमुक्त. तिचं पूर्ण नाव त्यानं एकेक अक्षर नीट वाजवलं. मी ते माझ्या हातानं उतरवून घेतलं.

कागद घेऊन घरी गेलो. तिनं उभ्यानंच वाचला, मग कागदावरची वेळ पाहिली. कचेरीतून निघून घरी यायला तासही लागला नव्हता. मंगरूळची जागा कुणाला मिळाली ते तिला शाळेत कळलंच होतं.

"मंगरूळले आता तुमचे ते दोस्तच हायेत ना?" ती म्हणाली. "त्यायले सांगा, तार लवकर पोचवली म्हना. उपकार झाले."

मी बरं म्हणालो. पंचेचाळीस वर्षं झाली, खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.