अस्वलाचा आवाज

पूर्वी थिएटरात पिक्चरच्या आधी सात-सात मिनिटांची कार्टून दाखवत. त्यांतलं एक मराठीत आणायचं काम आमच्या स्टुडिओकडे आलं आणि त्यातल्या अस्वलाला आवाज द्यायचं माझ्याकडे. काढणाऱ्यानं ते अस्वल काय जीव लावून काढलं होतं! जबडा अवाढव्य, डोळे बारके. पण प्रत्येक पाऊल थांबून, नीट बघून मगच टाकायचं. मला ते शहाणं वाटलं. दिग्दर्शकाला नाही.

"जबडा बघ ना त्याचा. एवढ्या जबड्याला अक्कल असते का? ढ आवाज हवाय मला."

त्याच कार्टूनमधल्या कोल्ह्याला मात्र त्यानं पुण्याच्या पेठेतला फर्डा आवाज दिला होता. पाय काडीसारखे काढले की हुशार, पोट काढलं की मठ्ठ. हे कुणी ठरवलं, देव जाणे.

मी चार आवाज दिले, चारही नापास. शेवटी डोकं फिरलं आणि रागारागात मी वडिलांचा आवाज काढला. वडील आधी "हं" म्हणतात, मग थांबतात, मान हलवतात आणि मग बोलतात. "हं... आसं हाय व्हय." काचेपलीकडे सगळे खो खो हसले. दिग्दर्शकानं अंगठा दाखवला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

आमच्या गावी, नांद्यात, भावकीची बैठक असली की शेवटचा शब्द वडिलांचा. ते "हं" म्हणून थांबले की लोक चहाचे कप खाली ठेवतात. तेवढ्या वेळात ते दोन्ही बाजू तोलत असतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि मी, त्यांच्या पोटचा, तेच थांबणं मठ्ठपणा म्हणून विकून आलो.

कार्टून आलं तेव्हा वरच्या खोलीतला भाडेकरू, हिंजवडीत नोकरी करणारा, मोबाइल घेऊन खाली आला. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "काका, हे अस्वल सेम तुमच्यासारखं बोलतं!" वडिलांनी शेवटपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज ब्येस काडलायस." बस, एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात चुलतबहिणीची सुपारी फुटायची होती. पाव्हणे घोटावड्याचे. लग्न कुणाच्या दारात करायचं, यावर बोलणी अडली. नेहमीसारखे सगळे वडिलांकडे वळले.

"हं," ते म्हणाले आणि थांबले.

कप खाली गेले. पाव्हण्यांतली एक बाई पदराआड हसली. कशाला, कोण जाणे. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी मनात म्हणत होतो, बोला आबा, बोला ना.

"तूच बोल," ते मला म्हणाले. "तुला चटाचटा बोलाया येतंय."

सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. तोंडून "हं" निघालं.