भिडेपोटी दिलेले ब्रॅकेट

ठकठकमामांना राग यायला कारण लागत नाही, असं मामी म्हणायच्या. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, फक्त ते जवळजवळ प्रत्येक गाडीखाली सापडायचं.

घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे मामा जुन्या गाड्यांचे ब्रॅकेट करायचे. गाडीचं सगळं वजन ज्या स्प्रिंगच्या पाट्यांवर तोललेलं असतं, ते पाटे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, धरून ठेवणारा हा तळहाताएवढा लोखंडी तुकडा. चिखल नेमका त्याच्याच कोपऱ्यात साचतो, ओल तिथेच मुरते आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते. गाडी जुनी झाली की कंपनी हा तुकडा बनवणं बंद करून टाकते. मामा एकदा कंपनीच्या दुकानात विचारायला गेले, तर काउंटरवरच्या पोराने मान वर न करता सांगितलं, ही गाडी आता जुनी झाली, नवीन बघा. मामा घरी आले ते धुमसतच. तळहाताएवढा तुकडा मिळत नाही म्हणून अख्खी गाडी भंगारात घालायची? उद्या माझी दाढ पडली तर ही बाई मला टाकून नवा मामा आणणार का? यावर मामी म्हणाल्या, विचार चालू आहे.

त्या दिवसापासून मामा स्वतःच ब्रॅकेट करायला लागले. आधी ते बस दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होते. आयुष्य गाड्यांखाली पाठीवर पडून गेलेलं, त्यामुळे उभ्या जगापेक्षा आडवं जग त्यांना जास्त ओळखीचं होतं. गाडी शेडमध्ये आली की आधी ती लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, चढवायची. मग छोटी हातोडी घेऊन आत सरकायचं आणि चासीवर ठोकत जायचं, ठक, ठक, ठक. चांगलं लोखंड खणखणतं. गंजलेलं भद्द वाजतं. जिथून आवाज बदलला तिथे खडूची रेघ. त्या रेघेच्या आतलं सगळं कापून काढायचं, मग मालकाने कितीही कपाळाला हात लावू दे. नवा पत्रा बसवायचा आणि त्यावर नवा ब्रॅकेट. ब्रॅकेटचे कोपरे कानशीने घासून गोल करायचे, कारण चीर नेहमी कोपऱ्यातूनच जाते. शेवटी रंग, तोही मालकाने खाली वाकून सगळे जोड बघितल्यावरच. रंग आधी मारणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असं मामांचं ठाम मत होतं, आणि हे मत ते विचारलं नाही तरी ऐकवत.

एक नियम मात्र त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. सुटा ब्रॅकेट हातात द्यायचा नाही. लोक लांबून यायचे, म्हणायचे, मामा, तुकडा तेवढा द्या, आमचा फिटर लावील. मामा हात जोडत. ब्रॅकेट कितीही मजबूत केला तरी तो धरणार कशाला? कुजलेल्या चासीला लावला तर तो कुजलेल्या भिंतीतला खिळा. गाडी आणा, नाहीतर नमस्कार. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जायचं आणि मामी म्हणायच्या, घरात आलेली लक्ष्मी हातोडीने हाकलणारा माणूस जगात एकच आहे आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आला.

तो नियम मोडला तो जावयापायी.

मुलीचं लग्न झालं तेव्हा जावयाने गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान नुकतंच टाकलं होतं. मुलगा कष्टाळू, बोलायला गोड, व्यसन कसलं नाही. सासऱ्याच्या शेडमध्ये आला की एकेक ब्रॅकेट हातात घेऊन उलटसुलट करून बघायचा. एक दिवस त्याने विचारलंच. हा माल कुठेच मिळत नाही, थोडे दुकानात ठेवायला द्या. माझ्याकडे चांगला फिटर आहे, तो बघून लावील. मामांनी विषय हसण्यावारी नेला. मग मुलगी आली. तिने फार काही मागितलं नाही, एवढंच म्हणाली की बाबा, ते सहसा कुणाकडे काही मागत नाहीत, त्यांचा मान राखा. मामांनी जगात कुणाची भीड धरली नव्हती, ती तिथे धरली. पिशवीभर ब्रॅकेट करून दिले. देताना दहादा बजावलं की आधी चासी तपासायची. जावई दहाही वेळा हो म्हणाला.

पुढे बरेच दिवस त्या पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. मग एका सकाळी व्हॅनवाल्या बाई आल्या. शाळेच्या मुलांची ने-आण करायच्या त्या. नवरा गेल्यावर होती नव्हती ती पुंजी घालून त्यांनी जुनी व्हॅन घेतली होती. वळताना मागून कुरकुर आवाज येतो, एवढीच त्यांची तक्रार होती. जुन्या गाड्या म्हटलं की लोक मामांचं घर दाखवत, तसंच त्यांना कुणीतरी दाखवलं होतं.

मामा गाडीखाली सरकले. खालून सगळं काळंकुळकुळीत होतं, नुकताच जाड डांबरी रंग मारलेला. तिथेच त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हातोडी चालवली. भद्द. जरा पुढे, तिथेही भद्द. मग त्यांनी पेचकस घेऊन साधा टेकवला, तर तो रंगातून आरपार आत गेला. पोपडे छातीवर पडले. आत लोखंड नव्हतंच, होती ती पुट्टी आणि वर डांबर. आणि त्या पुट्टीच्या शेजारी, पोपटाच्या विष्ठेसारख्या ओघळलेल्या वेल्डिंगने चिकटवलेला, गोल कोपऱ्यांचा, सुबक, ठणठणीत ब्रॅकेट. स्वतःच्या हातचं काम ओळखायला मामांना उजेडही लागला नसता.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाईंना वाटलं, काहीतरी अडकलं. त्यांनी वाकून विचारलं, मामा, मोठं काम आहे का? मामांनी आतूनच विचारलं की गाडी घेताना काय सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, जुन्या गाड्या डागडुजी करून विकणारा एक जण आहे, त्याच्याकडून घेतली. त्याने खात्री दिली होती की मागचे ब्रॅकेट नवेकोरे आहेत. कुठल्या दुकानातले, तेही सांगितलं होतं. बाईंनी दुकानाचं नाव घेतलं. ते जावयाचं दुकान होतं.

"या गाडीत आज मुलं बसली होती?" मामांनी विचारलं.

"आत्ताच सोडून आले. का हो?"

मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून बाई दोन पावलं मागे सरल्या. मामांनी काही लपवलं नाही. ही गाडी आता इथून हलणार नाही, म्हणाले, मी नीट करून देतो, तोवर मुलांसाठी दुसरी गाडी बघा. पैशांचं बोलू नका. आणि मग, बाईंशी नाही, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "ब्रॅकेट माझा आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते त्या दिवशी रस्त्याने पाहिलं. मामा अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी, पोपडे झटकायचंही भान न ठेवता, जावयाच्या दुकानात शिरले. दुकानात गिऱ्हाईक होतं. जावई त्यांना हात धरून मागे गोदामात घेऊन गेला. मामा काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. जावयाने ते खाली मान घालून ऐकलं. मग तो जे बोलला ते मामांना शिवीपेक्षा जास्त लागलं, कारण तो मुळीच ओरडला नाही.

"बाबा, मी ब्रॅकेट विकला. तो कुणी कुठे लावला, हे मी कसं बघणार? तुमचा माल तर चांगलाच निघाला ना?"

चांगलाच निघाला होता, हेच तर मामांना गिळवत नव्हतं. चोराने चोरीचा माल आपल्या कुलपात ठेवावा आणि कुलूप मजबूत निघालं म्हणून आपण खूश व्हावं, तसली ही शाबासकी. मामांनी विचारलं, बाकीचे कुठे गेले? जावई म्हणाला, सगळे त्या गाड्या विकणाऱ्या एकानेच नेले. फिटरचं म्हणाल तर तो कधीच सोडून गेला. मामा तसेच त्या विकणाऱ्याच्या अंगणात जाऊन आले. तिथे तर सरळ हात झटकले. गाड्या विकल्या, पत्ते कोण ठेवतो? घेणाऱ्याने बघून घेतली. म्हणजे आणखी कितीतरी गाड्या त्या पुट्टीवर धावत होत्या, कुणात भाजी असेल, कुणात माणसं, कुणात पोरं, आणि प्रत्येकीखाली मामांचा ब्रॅकेट हवेला धरून बसलेला.

परत येताना जावयाने त्यांना रस्त्यातच गाठलं. हे बाहेर फुटलं तर दुकान बसेल, म्हणाला. तो माणूस माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. मी काही वाईट मनाने केलं नाही. आणि या दुकानावर तुमच्याच मुलीचं घर चालतं, तेवढं लक्षात ठेवा. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगा वाईट नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर एक ठेवून देता आली असती.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच एकही टोमणा मारला नाही. काय करणार, एवढंच विचारलं. मामा म्हणाले, लोकांना सांगणार. पण कसं सांगणार, नाव कुणाचं घेणार, यावर ते जेवताना, आंघोळीला जाताना, बाईंच्या व्हॅनची कुजकी चासी कापताना नुसते धुसफुसत राहिले. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टाही चालू होता. कंपनीला शिव्या, काउंटरवरच्या पोराला शिव्या, डांबर शोधून काढणाऱ्याला शिव्या. जावयाला मात्र नाही. मामींच्या ते लक्षात आलं.

शेवटी त्यांनी एक मोठा पत्रा घेतला, पांढरा रंगवला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं. जुन्या व्हॅनला मागे नवीन ब्रॅकेट लावून घेतले असतील, तर गाडी लगेच थांबवा. चासी कुजलेली असू शकते. खालच्या पत्त्यावर आणा, फुकट तपासून देतो. खाली स्वतःचा पत्ता. पेट्रोल पंपाच्या मालकाने पत्रा पंपावर उभा करायला होकार दिला होता. गाडी कुणाचीही असो, तिथे यावंच लागतं. पत्त्याखाली एक ओळ मावेल एवढी जागा रिकामी राहिली होती. अक्षरांचा अंदाज चुकला, असं ते मामींना म्हणाले. सगळं आयुष्य मापात कापणाऱ्या माणसाचा अंदाज चुकला होता.

पत्रा सुकत ठेवला होता तेव्हा मुलगी आली. नवऱ्याने सांगितलं होतं की मामींनी, ते कळलं नाही, पण तिला सगळं ठाऊक होतं. तिने पत्र्यासमोर उभं राहून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. मामा कानशी हातात घेऊन उगाच एका कोपऱ्यावर घासत बसले.

"बाबा, ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांना नवीन ब्रॅकेट म्हणजे काय ते कळतं का?"

मामा घासत राहिले.

"त्या बाईंना कळलं होतं? विकणारा ब्रॅकेट म्हणाला, पण त्यांना समजलं ते फक्त दुकानाचं नाव. बाकीच्यांनाही तेवढंच समजलं असेल. हा बोर्ड वाचून कुणालाच वाटणार नाही की हे आपल्याबद्दल आहे. हे तुम्हाला कळत नाही असं मला सांगू नका."

"तुझा संसार आहे तिथे," मामा म्हणाले.

इतका वेळ तिने आवाज चढवला नव्हता. आता चढवला, आणि मामींना स्वयंपाकघरात बसून आपल्या नवऱ्याचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. "मी त्यांचा मान राखा म्हटलं होतं. माझ्या नावाखाली गप्प बसा असं कधी म्हटलं? ती पोरं रस्त्यात पडली असती तर मी त्या घरात बसून घास गिळला असता असं वाटलं तुम्हाला? ते दुकान बसलं तर बसू दे. आम्ही पुन्हा उभं करू, नाही झालं तर दुसरं काही करू. पण तुम्ही माझं तोंड पुढे करून हे झाकायचं नाही. डांबर मारणाऱ्यांना शिव्या देता ना तुम्ही? मग हे काय मारलंय?"

मामांच्या हातातली कानशी थांबली. आपण रागीट आहोत याचा त्यांना जन्मभर थोडा अभिमान होता. तो राग आपण जावयापुढे गिळला होता आणि त्याला वरून मुलीच्या सुखाचा रंग मारला होता, हे त्यांना आता दिसलं. त्यांना स्वतःचीच अशी चीड आली की डोळे भरून आले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि रिकाम्या जागेत लिहायला बसली. हे ब्रॅकेट पुढील दुकानातून विकले गेले. मग दुकानाचं नाव. लग्न झालं तेव्हा नवऱ्याने मोठ्या हौसेने दुकानाला तिचंच नाव दिलं होतं. ते तिने बोर्डवरच्या सगळ्या अक्षरांपेक्षा मोठं लिहिलं, रंग सुकायची वाट बघितली नाही, आणि पत्र्याची एक बाजू धरून बापाला म्हणाली, "उचला."